घरगुती कारण

इंग्रजीच्या तासाला अलंकार शिकवणे हे तसे कोरडे काम. सिमिली, मेटॅफर, पर्सॉनिफिकेशन: व्याख्या सांगायची, एक उदाहरण द्यायचे, की दोन गुणांची सोय झाली. युफेमिझमपाशी मात्र वर्ग जागा होतो, कारण हा अलंकार मुले घरूनच शिकून आलेली असतात. नारळ आपण फोडत नाही, वाढवतो. बांगडी पिचली तर ती 'वाढवली'. घराबाहेर पडताना 'जातो' म्हटले, की आजी आतून ओरडतेच, "येतो म्हण!"

मूळ शब्द ग्रीक. 'यु' म्हणजे शुभ, 'फेमी' म्हणजे बोलणे. धर्मविधीच्या वेळी अशुभ शब्द तोंडून जाऊ नये अशी ती आज्ञा होती. आणि चुकून जाण्यापेक्षा गप्प राहिलेले बरे, म्हणून व्यवहारात तिचा अर्थ 'मौन धरा' असाच झाला. सूड उगवणाऱ्या एरिनीज देवतांना ग्रीक लोक 'युमेनिडीज', म्हणजे कृपाळू, म्हणत. एस्किलसच्या इ. स. पू. 458 मधल्या नाटकाचे नाव तेच आहे. आपण तरी काय वेगळे केले? ज्या रोगाने घरेच्या घरे ओस पडली त्याला 'देवी' म्हटले. आमच्या शेजारच्या कन्नड घरांत 'अम्मा'. 1980 मध्ये जग त्यातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले, तरी नाव आदराचेच राहिले.

इथवर सारे ठीक. भ्यालेल्याला, दुखावलेल्याला सांभाळून घेणारा शब्द खोटा म्हणवत नाही. पण राजकारण आणि इंग्रजी भाषा यांवरच्या 1946 च्या निबंधात जॉर्ज ऑर्वेलने दाखवून दिले, की निराधार खेड्यांवर बॉम्ब टाकण्यालाही 'शांतता प्रस्थापित करणे' म्हणता येते. शब्द तसाच मऊ. मऊपणा कोणासाठी, हा प्रश्न.

हे मी नववीच्या वर्गात काहीशा ऐटीतच सांगत होतो. एक मुलगी उभी राहिली.

"सर, दाखल्यावर 'घरगुती कारण' लिहितात, ते युफेमिझमच ना?"

तिच्या शेजारची जागा दिवाळीच्या सुट्टीनंतर रिकामीच होती. तिथे बसणाऱ्या मुलीचे लग्न लावून दिले होते. पंधरावे सरले नव्हते. वर्गाला ते ठाऊक होते आणि दाखला माझ्याच सहीने गेला होता.

मी म्हणालो, "हे परीक्षेला येत नाही. बस खाली."

दाखला मागायला आलेले वडील हात जोडून बसले होते. 'लग्न' लिहिले तर पोलीस येतील, बोभाटा होईल, आणि मुलीला कधी परत यावेसे वाटले तर दार बंद, असे मी तेव्हा मनाशी मांडले होते. ते अगदीच लटके होते असे मला आजही वाटत नाही. पण त्या दोन शब्दांचा आडोसा वडिलांना मिळाला आणि मला मिळाला. तिला कोणी काही विचारलेच नव्हते.

त्या संध्याकाळी जनरल रजिस्टर काढून 'शाळा सोडण्याचे कारण' हा रकाना वरपासून खाली वाचत गेलो. 'घरगुती कारण', त्याखाली डिट्टो, पुन्हा डिट्टो. अक्षर कारकुनांचे, सही माझी. त्या ओळींत मुलग्यांची नावे फारशी नव्हती.