पडद्यावरची माणसे जातात तेव्हा

२०२५ साली २० ऑक्टोबरला असरानी गेले, २५ ऑक्टोबरला सतीश शाह आणि २४ नोव्हेंबरला धर्मेंद्र. अवघ्या पाच आठवड्यांत तिघे! यांपैकी कुणाशीही आपली ओळख नव्हती. तरीही प्रत्येक बातमी ऐकून आपण क्षणभर गप्प झालो. असे का व्हावे?

‘शोले’ १९७५ साली आला. १९८४ साली दूरदर्शनवर ‘ये जो है जिंदगी’ सुरू झाली. दर भागात नव्या रूपात येणाऱ्या सतीश शाहांना पाहायला, ज्यांच्या घरी टीव्ही असे त्यांच्याकडे शेजारपाजार जमे. पडद्यावरची ती माणसे तेव्हाच्या वयातच राहिली, वाढलो फक्त आपण. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ साली गेले तेव्हा ते पन्नास वर्षांचे होते. ‘अशी ही बनवाबनवी’ पाहताना ते आजही थोरल्या भावासारखे वाटतात, पण आपल्यापैकी कित्येकांनी पन्नाशी केव्हाच ओलांडली आहे. थोरला भाऊ आता आपल्याहून धाकटा झाला.

मग आपण हळहळतो ते त्या नटासाठी की स्वतःसाठी? खरे सांगायचे तर दोन्हींसाठी. त्यात गैर काही नाही. ज्यांनी आपल्याला हसवले त्यांची आठवण ठेवणे ही कृतज्ञताच आहे, आणि आपलेही दिवस मोजकेच आहेत याची जाणीव होणे हे शहाणपण आहे.

परंतु बंधुभगिनींनो, एक गोष्ट ध्यानात घेऊ या. त्या नटांना आपण पाहिले, त्यांनी आपल्याला कधी पाहिले नाही. आपले बालपण ज्यांनी खरोखर पाहिले ती माणसे निराळी आहेत. आपल्याला कडेवर घेऊन मिस्साला नेणारी मावशी, धर्मशिक्षणाच्या वर्गात कान पिळणारे मास्तर, विहिरीवर पोहायला शिकवणारे काका. तीही आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांची बातमी टीव्हीवर येणार नाही, फक्त चर्चची घंटा वाजेल.

नटांचे चित्रपट आपण हवे तेव्हा पुन्हा लावू शकतो. मावशीच्या आठवणी मात्र कुठेच साठवलेल्या नाहीत. त्या तिच्याबरोबरच जातील.

नटासाठी हळहळायला आपल्याला वेळ मिळतो, तर या माणसांसाठी अर्धा तास मिळू नये काय? या रविवारी मिस्सा आटोपल्यावर अशा एकाच्या तरी घरी जाऊ या, आणि विचारू या, “आम्ही लहानपणी कसे होतो?”