छप्पर कुठून पाहायचे?

रस्त्यावरून पाहिले की छप्पर म्हणजे एक रंग आणि एक उतार. अमेरिकेतल्या घरमालकांच्या संघटना, म्हणजे तिथले मराठी लोकही ज्यांना नुसते ‘एचओए’ म्हणतात त्या, छपराचे नियम करतात ते याच जागी उभे राहून. रांगेतली छपरे एकमेकांना शोभावीत, पुढच्या बाजूला नळ्या-खोकी दिसू नयेत. यात गैर काही नाही. शेजाऱ्याने जांभळे छप्पर घातले तर आपल्या घराचा भाव उतरेल, ही धास्ती कोणालाही समजते.

पण छपराचे निम्मे काम डोळ्यांआड चालते. शिंगल्सखालचा, म्हणजे छपरावर एकावर एक बसवलेल्या पातळ पट्ट्यांखालचा, माळा उन्हाळ्यात तापतो, हिवाळ्यात खालच्या खोल्यांची दमट हवा तिथे चढून लाकडाला ओल धरते. म्हणून हवेला वळचणीतून आत यायला आणि मोभाशी बाहेर पडायला वाट ठेवतात. बांधकाम-संहितेचे माप असे, की माळ्याच्या 150 चौरस फुटांमागे 1 चौरस फूट मोकळी वाट. काही अटी पाळल्या तर 300 ला 1. ही वाट कुठून दिसते, हा प्रश्न त्या मापात कुठेच नाही.

आगीच्या बाबतीत छपराचे दिसणे आणि त्याचे काम यांतले हे अंतर जिवावर बेतते. लाकडी शेकची, म्हणजे लाकूड फोडून केलेल्या जाड पट्ट्यांची, छपरे देखणी, म्हणून काही वसाहतींत तीच सक्तीची असत. शेक पेटले की त्याच्या जळत्या चिपा वाऱ्यावर उडून पुढच्या छपरावर पडतात. 1991 च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या टेकड्यांवरच्या आगीत 25 माणसे गेली. आग पसरण्यात अशा छपरांचा मोठा हात होता. आज कॅलिफोर्नियाचा कायदा सांगतो, की आगरोधक छपराचा सरकारी नियम मोडेल असे छप्पर संघटनेने कोणावर लादू नये.

टेक्सासात भीती गारांची. तिथे 2011 च्या कायद्याने वाऱ्या-गारांना टिकणाऱ्या शिंगल्सना मनाई करायचा संघटनांचा हक्क काढून घेतला. मात्र एक अट ठेवली: नवे शिंगल्स आधी मान्य असलेल्यांसारखे दिसले पाहिजेत. (म्हणजे कायदाही थोडा वेळ रस्त्यावर जाऊन उभा राहिलाच.) बाजाराने यावर आपला तोडगा काढला आहे. आता कृत्रिम शेक मिळतात. त्यांवर लाकडाच्या रेषा उठवलेल्या असतात, कडा मुद्दाम ओबडधोबड ठेवलेल्या असतात, आणि लाकूड मात्र त्यांत नावालाही नसते.