ओंजळीतला मासा आणि दिलेला शब्द

भूतदयेवर आम्ही गेली चाळीस वर्षे निरूपण करीत आलो आहोत. मुंगीला साखर घालावी, गाईला घास द्यावा, मुक्या प्राण्यावर काठी उगारू नये, हे सांगताना आमची जीभ कधी अडखळली नाही. पण मध्यंतरी एका दहा वर्षांच्या मुलाने आम्हांस असा प्रश्न केला की, आम्ही निरुत्तर झालो. प्रश्न साधाच होता. "बुवा, ह्या माशाला ही टाकी पुरते का हो?" त्याचे उत्तर शोधता शोधता भूतदयेची एक बाजू आम्हांस नव्याने कळली. ती वाचक भाविकांपुढे ठेवावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

झाले असे. मुंबईच्या उपनगरात एका सज्जन वारकरी गृहस्थांकडे दर वर्षी आमचे कीर्तन असते. नातवाच्या हट्टाखातर त्यांनी बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली. अडीच फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. तीत एक निळाशार मासा सोडलेला. अंगावर काळा पट्टा, शेपटी पिवळी. त्याला ब्लू टँग म्हणतात. २००३ साली 'फाइंडिंग नीमो' नावाचा चित्रपट आला, मग २०१६ साली 'फाइंडिंग डोरी' आला. त्यातली डोरी ती हीच. तेव्हा मासा जेमतेम दोन इंचांचा होता. आम्ही कीर्तनाच्या भरात बोलून गेलो, "पाहा, यजमानांनी घरातच क्षीरसागर आणला!" मंडळींनी टाळ्या दिल्या. आम्हीही मनातून सुखावलो.

पुढच्या वर्षी गेलो, तो मासा तळहाताएवढा झालेला. टाकीच्या ह्या टोकापासून त्या टोकास जायला त्याला शेपटीचे चार फटकारे पुरत. लगेच काच आडवी. वळला, पुन्हा चार फटकारे, पुन्हा काच. आमचे स्नान, संध्या, फराळ सगळे आटोपले, तरी त्याचे येरझारे चालूच. नातू शेजारी उभा होता. त्याने तो प्रश्न विचारला. आजोबा म्हणाले, "अरे, दुकानदार सांगतच होता की, मासा टाकीच्या मानानेच वाढतो." मुलगा आमच्याकडे बघत राहिला. त्याला आजोबांचे उत्तर नको होते, बुवांचे हवे होते. आणि बुवा काय सांगणार? टाकीला क्षीरसागर म्हणणारे आम्हीच ना!

आमचे शिक्षण पाठशाळेतले. व्याकरण, काव्य, थोडा न्याय. माशांच्या बाबतीत आमचे ज्ञान शून्य. म्हणून खाऱ्या पाण्याचे मासे पुष्कळ वर्षे पाळलेल्या एका जाणत्या गृहस्थांना आम्ही गाठले. त्यांनी जे समजावून दिले, ते आमच्या भाषेत सांगतो.

पहिली गोष्ट, टाकी माशाच्या आजच्या अंगाकडे पाहून घ्यायची नसते. पूर्ण वाढल्यावर तो केवढा होईल, हे पाहून घ्यायची असते. ब्लू टँग पुरता वाढला म्हणजे फूटभर लांब होऊ शकतो. आणि दोन इंचांचा मासा दहा इंचांचा झाला म्हणजे पाचपट झाला, असे समजू नये. लांबी, उंची, जाडी तिन्ही वाढतात, म्हणून वजन सुमारे सव्वाशेपट होते. त्याबरोबर त्याचे खाणे, श्वास आणि मळही पुष्कळ वाढतो.

दुसरी गोष्ट स्वभावाची. सारख्याच लांबीच्या दोन माशांना सारखीच टाकी चालेल, असे नाही. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउन मासा चार इंचांपलीकडे फारसा जात नाही आणि समुद्रातही तो आपल्या समुद्रफुलाचा आसरा सोडून लांब जात नाही. त्याचा संसार तेवढ्यातच. त्याच्या जोडीला शंभर लिटरची नीट राखलेली टाकी पुरते. ब्लू टँग, पिवळा टँग हे सर्जन मासे. शेपटीच्या बुंध्याशी शस्त्रवैद्याच्या चाकूसारखा काटा असतो, म्हणून हे नाव. ते पोवळ्यांच्या खडकांवरून दिवसभर हिंडत, टिपत, शेवाळ खुडत जाणारे. पोहणे हाच त्यांचा दिनक्रम. आपण वारकरी पायी चालणारी माणसे. आपल्याला हे निराळे समजावून सांगायला नको. म्हणून अशा माशाला उंच टाकी कामाची नाही, लांब हवी. जाणकार ब्लू टँगला निदान सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी सांगतात. तीत सुमारे ६८० लिटर पाणी मावते. यजमानांच्या टाकीत मावत होते सुमारे ८८ लिटर.

तिसरी गोष्ट पाण्याची. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया नावाचे विष सतत पाण्यात उतरते. दगडावाळूत राहणारे सूक्ष्म जंतू त्याचे आधी नायट्राइट आणि मग पुष्कळच सौम्य असे नायट्रेट करतात. पाणी पुष्कळ असले की, एखादी चूक पचते. पाणी थोडे असले की, एका दिवसात मासा संकटात येतो. प्राणवायूचेही तसेच. तो मुख्यतः वरच्या पृष्ठभागातून पाण्यात उतरतो. खाऱ्या आणि उबदार पाण्यात तो मुळातच कमी मुरतो. यजमानांच्या टाकीचा पृष्ठभाग अडीच चौरस फूट, मोठ्या टाकीचा बारा. फरक कोणालाही कळेल.

आणि "मासा टाकीच्या मानाने वाढतो" हे वचन? ते अर्धसत्य आहे, म्हणून असत्याहून घातक. कोंडलेल्या, मळलेल्या पाण्यात माशाची वाढ खुंटते, हे खरे. पण ती सोय नव्हे, तो आजार आहे. रोपट्याचा शेंडा करपला तर 'कुंडीच्या मानाने वाढले' असे माळी म्हणत नाही. दाटीत कोंडलेला सर्जन मासा दुसऱ्यावर तुटून पडतो, त्याची प्रतिकारशक्ती ढळते आणि मग अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणणारा रोग त्याला सहज गाठतो.

हे सर्व ऐकून परतताना आम्हांस भागवताच्या आठव्या स्कंधातील मत्स्यावताराची कथा आठवली. ती आम्ही शेकडो वेळा सांगितली असेल. पण ती टाकीची कथा आहे, हे त्या दिवशी कळले. सत्यव्रत राजा कृतमाला नदीवर तर्पण करीत असता ओंजळीत लहानसा मासा आला. राजाने तो पाण्यात सोडला, तेव्हा मोठ्या माशांच्या भयाने त्याने आश्रय मागितला. राजाने त्याला कमंडलूत घेतले. एका रात्रीत कमंडलू अपुरा पडला. मग मोठे पात्र, मग सरोवर, मग त्याहून मोठे डोह, शेवटी समुद्र. दर वेळी मासा म्हणतो, ही जागा मला पुरत नाही. आणि राजा? "मी तुला कमंडलू दिला, आता गप्प राहा," असे तो एकदाही म्हणत नाही. पुढची जागा शोधतो. त्याने अभय दिले ते ओंजळीतल्या इवल्या जिवाला. पण दिलेला शब्द तो जीव जेवढा होईल तेवढ्याला लागू, हे त्या राजाने ओळखले होते. आश्रय देणे एका क्षणाचे काम नव्हे. आश्रिताबरोबर आश्रयही वाढला पाहिजे.

येथे पूर्वपक्ष उभा राहतो. कोणी म्हणेल, "बुवा, समुद्रात त्या माशाला मोठा मासा गिळणार. येथे भय नाही, वेळेवर खाणे आहे. मग जागेचे एवढे काय?" आमचे म्हणणे असे की, भय नाही म्हणून तुरुंगाला घर म्हणता येत नाही. शिवाय सत्यव्रताकडे मासा आपण होऊन आला होता. आपल्याकडचा आपण पैसे देऊन आणवलेला. ब्लू टँगची टाकीत पैदास करणे फ्लोरिडातील शास्त्रज्ञांनी २०१६ साली साधले खरे, पण बाजारात दिसणारे बहुतेक अजून समुद्रातूनच पकडलेले असतात. ज्याने अभय मागितलेच नव्हते त्याला आपण आणले, तेव्हा आपले देणे राजापेक्षा जास्त होते, कमी नव्हे.

दुसरा म्हणेल, "माशाला कुठे कळते?" त्याला काय कळते, हे ठरविण्याचा अधिकार आम्ही घेत नाही. पण दिवसभर काचेपाशी वळणारा मासा आम्ही डोळ्यांनी पाहिला. इटलीत रोम नगरपालिकेने २००५ साली गोल काचभांड्यात मासे ठेवण्यास बंदी केली. परदेशच्या नगरसेवकांना जे सुचले, ते रोज भूतदयेचा उच्चार करणाऱ्या आपल्याला सुचू नये?

तिसरा भाविक म्हणेल, "मग गिरगाव चौपाटीवर जाऊन सोडून द्यावा. पुण्यही लागेल." नाही हो! हा पोवळ्यांच्या स्वच्छ पाण्यातला जीव. मुंबईच्या गढूळ किनाऱ्यावर तो कसा जगेल? आणि टाकीतला रोग समुद्रातल्या माशांना लागला तर? सोडणाऱ्याला पुण्य वाटते, भोगावे दुसऱ्याला लागते.

आम्ही यजमानांकडे पुन्हा गेलो आणि सगळे सांगितले. ते म्हणाले, "महाराज, मोठी टाकी घेऊ." मग हिशेब केला. ६८० लिटर खारे पाणी म्हणजे पाण्याचेच वजन सुमारे ७०० किलो. काच, दगड, घडवंची निराळी. लिटरला ३५ ग्रॅम धरले तर नुसते मीठच जवळजवळ २४ किलो. जुन्या इमारतीचा तिसरा मजला. ते गप्प झाले. चांगल्या माणसाची खरी परीक्षा येथे होते. प्रेम आहे, पैसाही आहे, पण जागा नाही. आणि जागा नाही हे कबूल करायला मन धजत नाही. नातू रडला. दोन दिवस जेवला नाही म्हणतात. तिसऱ्या दिवशी त्यानेच मासा त्या जाणत्या गृहस्थांच्या सात फुटी टाकीकडे नेऊ दिला. आम्ही बरोबर होतो. मासा तासभर कोपऱ्यात दगडाआड दडून राहिला. मग बाहेर आला आणि सरळ निघाला. मुलाने काचेवर बोट ठेवून त्याच्या बरोबरीने चालून पाहिले. चार पावले झाली, तरी मासा वळला नव्हता.

आता घरच्या त्या जुन्या टाकीत टाकीतच जन्मलेल्या क्लाउन माशांची एक जोडी आहे. ती तेथे पुरेशी सामावते. हौस गेली नाही. ती जागेच्या मापाने बेतली, एवढेच.

तेव्हा सज्जनहो, कोणी मुलाबाळांसाठी असा जीव घरी आणणार असेल, तर आणण्याआधी तीन गोष्टी विचाराव्या. पुरता वाढल्यावर तो केवढा होतो? त्याचा स्वभाव एका जागी राहण्याचा की हिंडण्याचा? आणि तेवढी जागा, तेवढे पाणी आपण त्याला पुढची पुष्कळ वर्षे देऊ शकतो का? तिसऱ्याचे उत्तर 'नाही' असेल, तर त्याला न आणणे हीच त्याच्यावरची दया. 'मोठा झाला की बघू' हे उत्तर नव्हे. सत्यव्रतापाशी पुढे समुद्र होता, आपल्यापाशी तिसरा मजला आहे.

आमच्या निरूपणाच्या वहीत 'घरातला क्षीरसागर' ही उपमा लिहिलेली होती. ती आम्ही खोडली आहे. असो. चूकभूल वाचकांनी पोटात घालावी, ही विनंती.