मयतीची वाट हीही धम्माची वाट



लग्नाला बोलावणे लागते, मयतीला लागत नाही. आपल्या समाजातली ही जुनी रीत आजही टिकून आहे. निरोप कानावर पडला की माणूस हातचे काम टाकून निघतो. आमच्या पनवेलला तर अशी माणसे रोजच दिसतात. मुंबईहून कोकणात उतरणारा रस्ता इथूनच फुटतो, पुण्याकडचाही इथूनच. एस. टी. स्टँडवर पांढरी साडी नेसलेली एखादी म्हातारी, तिच्यासोबत रजा टाकून आलेला मुलगा, हातात एकच पिशवी. विचारावे लागत नाही. कुणाच्या तरी घरी दिवा विझलेला असतो.

पण आपण बौद्ध आहोत. म्हणून प्रत्येक कृतीला 'का?' असे विचारणे आपले कर्तव्य आहे. आपण आत्मा मानीत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. मृताला आपले रडणे ऐकू येत नाही, आपली फुले दिसत नाहीत. मग एवढा प्रवास करून जायचे ते कुणासाठी?

याचे उत्तर किसा गोतमीच्या कथेत आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन ती औषध मागत फिरत होती. ज्या घरी कुणी मेले नसेल अशा घरातून मोहरी आण, असे तथागतांनी तिला सांगितले. मृत्यू कुणाला चुकत नाही, एवढाच या कथेचा बोध आपण घेतो. पण जरा थांबून विचार करा. सगळेच मरतात, हे तथागत तिला बसल्या जागी सांगू शकले असते. त्यांनी तिला दारोदार पाठविले. मोहरी प्रत्येक घरात होती आणि द्यायला प्रत्येक जण तयार होता. पण गोतमीने विचारताच कुणी गेलेला बाप सांगितला, कुणी गेलेली लेक सांगितली. स्वतःचे दुःख घेऊन निघालेली बाई साऱ्या गावाचे दुःख ऐकून परतली. तिला शहाणपण आले ते उंबरे झिजवल्यानंतर. मयतीला जाणारा माणूस गोतमीचीच वाट चालत असतो.

दुसरे उदाहरण सारिपुत्तांचे. तथागतांचा हा श्रेष्ठ शिष्य आपला अंतकाळ जवळ आला हे ओळखून मगधातील नालक या आपल्या गावी गेला. त्याची आई जुन्या धर्माची. पोटची मुले भिक्खू झाली, याचा तिच्या मनात राग. अट्ठकथा सांगतात की, ज्या खोलीत सारिपुत्तांचा जन्म झाला त्याच खोलीत ते आजारी पडून राहिले आणि त्या रात्री आईला धम्म कळला. आईशी वाद जिंकायला ते गेले नव्हते. अखेरच्या वेळी तिला धम्म कळावा म्हणून गेले होते. जे नातेवाईक अद्याप धम्मात आले नाहीत त्यांची तोंडे न पाहणाऱ्या आपल्यातल्या काही कडव्या बंधूंनी हे ध्यानात घ्यावे. मंगलसुत्तातही तथागतांनी नातलगांचा सांभाळ करणे हे मंगल म्हणून सांगितले आहे. 'ते आपल्या मताचे असतील तर' अशी अट तिथे नाही.

आता आपल्याच इतिहासाकडे पाहा. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. विमानाने त्यांचा देह मुंबईस आणला गेला. ७ तारखेला दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. मुंबईत १६ डिसेंबरला धम्मदीक्षेचा समारंभ व्हायचा होता. बाप गेला, पण बापाचे राहिलेले काम समोर होते. तिथेच, चितेसमोर, भदन्त आनंद कौसल्यायन यांच्याकडून एक लाखाहून अधिक लोकांनी दीक्षा घेतली. रडत आलेली माणसे बौद्ध होऊन घरी गेली. शोकाचे रूपांतर निश्चयात कसे करावे, हे आपल्याला पोथीतून शिकायचे कारण नाही. आपल्या आज्याने ते चौपाटीच्या वाळूत करून दाखविले आहे.

गेल्या पावसाळ्यात माझी आत्या पनवेलला वारली. तिच्या सासरी दोन भावांच्या घरांत जुन्या घराच्या वाटणीवरून अकरा वर्षे बोलणे नव्हते. धाकट्या दिराच्या घरातून जुने विधी सुटलेले नव्हते. तो आला आणि दारातच म्हणाला, "केस उतरवायचे, पिंड ठेवायचा. वहिनीचे काही कमी पडता कामा नये." आतेभाऊ चिडला. आवाज चढले. तेव्हा दिराचीच बायको, म्हणजे आत्याची जाऊ, पुढे झाली. "आक्कांनी मला सांगून ठेवलंय," ती म्हणाली, "मला कावळ्याची वाट बघायला लावू नका." दीर गप्प झाला. अकरा वर्षे या दोन जावा भिंतीआडून बोलत होत्या, हे त्या दिवशी सगळ्यांना कळले. बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील दिले. दिराने शब्द उच्चारले नाहीत, पण हात जोडले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तो पुन्हा आला, मागे बसला आणि पुतण्यांच्या पंगतीला जेवला. वाटणी अजून झालेली नाही. पण आता ती बोलून होईल.

बंधूंनो, एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. आपण पिंड सोडला, पण त्याच्या जागी दुसरा भपका येऊ पाहतो आहे. चौकाचौकात मृताचे फलक, मांडव, शेकडोंची जेवणावळ, आणि त्यासाठी काढलेले कर्ज. तेराव्याचे कर्ज आणि पुण्यानुमोदनाचे कर्ज यांत सावकाराला काय फरक? मृताच्या नावाने एखाद्या मुलाची फी भरा, विहारात चार पुस्तके ठेवा. आणि पांढरे कपडे घालून हजेरी लावून परतू नका. ज्या नातेवाइकाशी बोलणे तुटले आहे, त्याच्या शेजारी जाऊन बसा. त्याच्या घरी कोण आजारी आहे, मुलगी कितवीत शिकते, एवढे तरी विचारा.

आज गावे उठताहेत. विमानतळासाठी आमच्या तालुक्यातील वाड्यावस्त्या हलल्या, भाऊबंद वसाहतींच्या इमारतींत विखुरले. आता सगळी भावकी एका जागी भेटते ती बहुधा मयतीलाच. ती वेळ भांडणात किंवा मोबाइलमध्ये घालवू नये. संस्कार अनित्य आहेत, हे आपण प्रत्येक मयतीला ऐकतो. अनित्य काय फक्त देहच असतो? रागही अनित्यच आहे. तो मेलेल्या माणसाबरोबर जाऊ द्यावा आणि जिवंत माणसाला घरी घेऊन यावे.

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय! जय भीम!