फलाट आखूड पडले म्हणून

युरोपची सहल करून आलं की ठाकुर्लीत दोन प्रश्न ठरलेले. स्वित्झर्लंड कसं होतं, आणि जेवणाचे हाल झाले का? डोंगर छान होते, आणि जेवण घरच्यापेक्षा बरं, कारण मला करावं लागलं नाही. बारा दिवसांत सहा देश. आमच्या स्टेशनात फास्ट लोकल थांबत नाही. धडधडत जाणाऱ्या गाडीकडे फलाटावरून बघायची आम्हाला सवय. या वेळी आम्ही आत होतो आणि गावं बाहेर उभी होती, एवढाच फरक.

पॅरिसला एक दुपार मोकळी मिळाली. मंडळी अत्तरं घ्यायला गेली, मी आणि हे ओर्से संग्रहालयात शिरलो. मूळचं हे रेल्वे स्टेशन, 1900 सालचं, विजेच्या गाड्यांसाठीच बांधलेलं. पुढे गाड्यांची लांबी वाढली, फलाट आखूड पडले आणि 1939 मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्या तिथून हलवल्या. हे कळल्यावर मला हसूच आलं. नवाचे बारा डबे, बाराचे पंधरा, हे आमचं घरचं दुखणं. 1986 पासून तिथं संग्रहालय आहे. रुळांच्या जागी पुतळे, वर काचेचं छत, आणि टोकाला भलंमोठं सोनेरी घड्याळ. त्याकडे बघून मी नकळत मनगटावरचं घड्याळ जुळवलं. गाडी चुकेल ही धास्ती त्या जागेत अजून शिल्लक आहे.

अशा ठिकाणी ‘त्यांना जुन्याची किंमत आहे, आपल्याला नाही’ असं म्हणायचा मोह होतो. मराठी प्रवाशाचं हे आवडतं पालुपद. मला ते पटत नाही. याच पॅरिसनं ले आलची लोखंड आणि काचेची जुनी मंडई 1971 मध्ये पाडायला घेतली. ओर्सेच्या जागीही हॉटेल उठायचं होतं. मंडई गेल्यावर लोक हळहळले, म्हणून स्टेशन वाचलं. जुन्याचं प्रेम रक्तातबिक्तात काही नसतं. त्यांचा एकदा हात पोळला होता.

लंडनमध्ये टेट मॉडर्न बघितलं. हे मूळचं बँकसाइडचं पॉवरहाऊस, तेलावर चालणारं. टेम्सच्या काठी विटांची अवाढव्य इमारत आणि 99 मीटरची चिमणी. 1981 मध्ये ते बंद पडलं, बरीच वर्षं रिकामं राहिलं आणि 2000 मध्ये तिथं कलादालन उघडलं. उतारावरून टर्बाइन हॉलमध्ये शिरले आणि चित्रं बघायची राहूनच गेली. मान वर करून उभी राहिले. पायाखाली गुळगुळीत काँक्रीट, आणि आठवण आली ती बाबांच्या उशीची.

बाबा आमच्या ठाकुर्लीच्या चोळा पॉवरहाऊसमध्ये बॉयलरवर होते. जीआयपी रेल्वेनं 1929 मध्ये पुण्यापर्यंत विजेची गाडी नेली, तिच्यासाठी उभारलेलं हे कोळशाचं केंद्र. ऐंशीच्या दशकात ते बंद झालं. कामावरून आल्यावर बाबा नळाखाली मान घालून खसाखसा धुवायचे, तरी सकाळी अभ्र्यावर काळसर डाग असायचाच. आईचं त्या डागाशी जन्माचं वैर. ती अभ्रे सोड्यात उकळायची, निळीत बुडवायची. डाग फिकट व्हायचा, जायचा नाही. पण आत यंत्रांचा आवाज कसा होता, उन्हाळ्यात बॉयलरपाशी तुम्ही उभे कसे राहत होता, हे मी बाबांना एकदाही विचारलं नाही. ते सुचलं लंडनमध्ये, तेही चिनी शाळकरी पोरांच्या गलक्यात.

ठाकुर्लीत कलादालन व्हायला हवं होतं असं माझं म्हणणं नाही. टेटसमोर नदीपलीकडे सेंट पॉलचा घुमट आहे. ती गिऱ्हाइकी आपल्याकडे कुठून यायची? पण त्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये एक गोष्ट मला खटकली. इमारत राखली होती, टर्बाइनचं नावही राखलं होतं. तिथं पाळ्या केलेली माणसं मात्र मला कुठं दिसली नाहीत.

आपल्याकडे माणसं अजून आहेत. पॉवरहाऊसमधून निवृत्त झालेले काका ठाकुर्लीत आहेत, डोंबिवलीत आहेत, सत्तरी-ऐंशीला टेकलेले. तुमच्या मजल्यावर कुणी असतील तर या रविवारी चहाच्या वेळी जाऊन बसा, फोनचं रेकॉर्डिंग चालू करा आणि पहिल्यांदा आवाजाचं विचारा.