गप घोडा आणि शांत घोडा

माझा चुलतभाऊ तारकर्लीच्या बाजूला पर्यटकांना घोड्यावरून फिरवायचा. घोडा घाटावरून आणलेला, आधी लग्नाच्या वरातींत राबलेला. चालताना शहाणा, दुडकीतही ठीक. पण कँटरमध्ये गेला की दहा ढांगांत चौखूर उधळायचा. दादा जितका लगाम खेची, तितका तो जास्त पळे. एकदा त्याने दादाला थेट सुरूच्या बनात नेऊन पाडलं.

मग कुणीतरी उपाय सांगितला. मान छातीशी येईल इतका लगाम आखडून खोगिराला बांधायचा, आणि उधळला की चाबूक. आठवडाभरात घोडा बदलला. कँटर एका लयीत, मान खाली, कुठे वळणं नाही की थबकणं नाही. मी व्हिडिओ काढून टाकला, वर लिहिलं, ‘धीर धरला की सगळं जमतं.’ लाइक भरपूर आले.

आजोबांनी आयुष्यभर बैल जोताला शिकवले. ते एकदा किनाऱ्यावर आले, घोड्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “भय गेला नाय हां तेचा. सांगणा तेवढा सोडल्यान.” भीती गेलेली नाही त्याची, सांगणं तेवढं सोडलंय. मग त्यांनी दाखवलं. घोड्याचे कान एका जागी थिजलेले होते. मागून माणूस आला तरी मान वळत नव्हती.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे. गप घोडा आणि शांत घोडा बाहेरून सारखेच दिसत असतील, तर त्यांच्यातल्या फरकाची पर्वा आपण का करायची? पर्यटक पडत नाहीत, घोड्याला चारा मिळतो, दादाचं कर्ज फिटतं. अडतंय कुठे?

आधी घोडा काय सांगत होता ते पाहू. कँटर ही तीन ठोक्यांची चाल. तिसऱ्या ठोक्यानंतर क्षणभर चारही पाय हवेत असतात. या चालीत घोड्याचा श्वासही ढांगेला बांधलेला असतो, एका ढांगेला एक श्वास. तोल सांभाळायला त्याला मान पुढे-मागे करावी लागते. नेमक्या त्याच वेळी घाबरलेला स्वार लगाम खेचतो, मांड्या आवळतो, श्वास रोखतो.

आणि घोड्याला हे सगळं कळतं. बर्लिनमधल्या हान्स या घोड्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. तो गणितं सोडवतो अशी ख्याती होती, 1904 मध्ये त्याची तपासणी करायला समितीही नेमली गेली. शेवटी 1907 मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकाने दाखवून दिलं, की हान्सला गणित येत नव्हतं. प्रश्न विचारणाऱ्याच्या शरीरातला, त्याला स्वतःलाही न जाणवणारा ताण तो वाचत होता. योग्य आकडा आला की माणूस किंचित सैलावे आणि घोडा खूर आपटायचा थांबे. जो प्राणी मानेची एवढीशी हालचाल टिपतो, त्याच्या पाठीवर बसून दादा अख्ख्या अंगाने ‘संकट, संकट’ ओरडत होता. घोडा संकटापासून पळत होता. आम्ही त्याला द्वाड म्हणालो.

दुसरी गोष्ट कुत्र्यांची आहे. 1967 मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. काहीही केलं तरी न थांबणारे विजेचे झटके सोसलेली बरीच कुत्री नंतर, उडी मारून सुटता येत असतानाही, पडून राहिली. ती असहायता शिकली, असा निष्कर्ष निघाला. जवळपास पन्नास वर्षांनी, 2016 मध्ये, याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे आपलं म्हणणं उलटं केलं. दीर्घ त्रासात निपचित पडणं ही मूळचीच प्रतिक्रिया आहे, शिकावं लागतं ते ‘माझ्या करण्याने काही बदलतं’ हे.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडलं. गप घोड्याला काही शिकवलेलं नसतं. त्याच्या करण्याने काही बदलत नाही, एवढंच त्याला पटवलेलं असतं. असा घोडा सुरक्षितही नसतो, कारण भीती आत तशीच असते आणि बाहेर पडण्याआधी इशारा देत नाही.

दादाने दसऱ्याला लगाम सोडला. ओहोटीला घट्ट झालेल्या ओल्या वाळूवर रोज पहाटे मोठी वर्तुळं. पाच-सहा ढांगा कँटर, आणि घोडा पुन्हा चालीवर आला रे आला की हात सैल. घोडा दाबातून शिकत नाही, दाब सुटतो त्या क्षणातून शिकतो. चुकीच्या क्षणी सोडलं, तर चुकीचंच शिकतो. शिमग्यापर्यंत हे चाललं. अर्धा हंगाम बुडाला. हप्ते थकले, वहिनीचे बोल ऐकावे लागले. चांगुलपणाची किंमत असते आणि ती बहुतेकदा उपदेश करणारा देत नाही. व्हिडिओ काढणाऱ्या मीही दिली नाही.

यावर एक आक्षेप उरतोच. सौम्य दाब हाही दाबच. घोड्याने कुठे मागितलं होतं खोगीर? खरं आहे. मला वारीतलं रिंगण आठवतं. आंबोली घाट चढून बेळगावकडे गेलं की चिकोडी तालुक्यात अंकली लागतं. तिथल्या शितोळे सरकारांचे दोन अश्व दरवर्षी चालत आळंदीला जातात. एकावर स्वार असतो, दुसरा माउलींचा, त्याच्यावर माणूस बसत नाही. टाळ-मृदंगाच्या गजरात, हजारोंच्या मधून तो धावतो. तोही घोडा स्वतःहून वारीला निघालेला नाही. पण त्याच्या धावण्यासाठी एवढी गर्दी मागे सरते, जागा मोकळी ठेवते. दाब पूर्ण टाळता येत नसेल, तर एवढं तरी आपल्या हातात असतं.

घरात, शाळेत, ऑफिसात ‘किती शांत आहे हो’ असं आपण कुणाकुणाबद्दल कौतुकाने म्हणतो. त्या माणसाने शेवटचं ‘नाही’ कधी म्हटलं होतं आणि त्यानंतर त्याचं काय झालं, हे आठवून पाहायला हवं.

शिमग्यानंतर एका संध्याकाळी घोडा सैल लगामावर छान कँटर करत होता. एवढ्यात पर्यटकांची गाडी आली, मोठा स्पीकर लागला. घोड्याचे कान तिकडे वळले. तो चालीवर आला, मग थांबला. उधळला नाही. पाठीवर जायला एक मुलगा पैसे घेऊन उभा होता. दादा खाली उतरला, मुलाला म्हणाला, “आज नाय हां, बाबू,” आणि घोड्याला चालवत घरी घेऊन गेला.

या वेळी मी व्हिडिओ काढला नाही.