प्रेम करण्याचा हुकूम

३१ डिसेंबरच्या रात्री पुणे, अहिल्यानगर, सोलापूरकडच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये वर्षान्ताची उपासना असते. बारा वाजले की गळाभेटी, केक, शुभेच्छा. आणि कित्येक ठिकाणी वचनाच्या चिठ्ठ्या. टोपलीत हात घालायचा, एक चिठ्ठी उचलायची, तिच्यावरचं बायबलमधलं वचन ते आपलं वर्षाचं वचन. ही वचनं बहुधा धीर देणारी असतात: देव सोबत राहील, वाट दाखवील, संकटातून तारील. भुकेल्याला जेवू घाल, परक्याला घरात घे, तुरुंगातल्या माणसाला जाऊन भेट, असं सांगणारी चिठ्ठी क्वचितच कुणाच्या हाती लागत असेल. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात येशूनं अखेरच्या न्यायाची कसोटी म्हणून सांगितलेल्या गोष्टी मात्र नेमक्या याच आहेत.

त्या चिठ्ठीत घालायच्या तरी कशा, हाही प्रश्नच आहे. वजन कमी करण्याचा संकल्प करता येतो, पहाटे उठण्याचा करता येतो. शेजाऱ्यावर प्रेम करण्याचा कसा करणार? जिन्यात चपला ठेवण्यावरून जो रोज भांडतो, त्याच्याबद्दल १ जानेवारीपासून मनात माया दाटून येणं काही ठरवून होत नाही. तरीही ख्रिस्ती धर्मात शेजाऱ्यावर प्रेम करणं ही आज्ञा आहे, आणि तीही सर्वांत मोठ्या दोन आज्ञांपैकी एक.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यानं १७८५ साली नीतिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात हा पेच सोडवण्याचा प्रयत्न केला. भावना म्हणून प्रेमाची आज्ञा देता येत नाही, हे त्याला मान्यच होतं. पण दुसऱ्याचं भलं करणं हे इच्छेच्या हातात असतं, मनातून तिटकारा असला तरीही. धर्मग्रंथातली आज्ञा आहे ती या दुसऱ्या प्रकारच्या प्रेमाची, असं त्यानं म्हटलं.

उत्तर चोख आहे, पण बायबलमधला प्रेषित पौल ते सहज पचू देत नाही. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात तो बजावतो की सगळी मालमत्ता गोरगरिबांना वाटून टाकली आणि प्रीती नसली, तर त्याचा काहीही उपयोग नाही. म्हणजे नुसतं कर्तव्य उरकून भागत नाही आणि नुसत्या उमाळ्यावर विसंबूनही चालत नाही. ही दोन टोकं प्रत्यक्षात कशी जुळतात, ते काही माणसांच्या आयुष्यात पाहायला मिळतं.

त्यांतल्या एकाचा सणच नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी येतो. संत बेसिल ३७९ साली वारले. ग्रीक ऑर्थोडॉक्स परंपरा १ जानेवारीला त्यांचा सण पाळते. कॅथलिक पंचांगात, म्हणजे वसईच्या चर्चमध्येही, तो २ जानेवारीला येतो. ग्रीक घरांमध्ये १ जानेवारीला त्यांच्या नावाचा केक कापतात. आत एक नाणं लपवलेलं असतं, आणि अनेक घरांत एक तुकडा गरिबाच्या नावानं बाजूला ठेवतात.

बेसिल आजच्या तुर्कस्तानातल्या कायसेरीचे, तेव्हाच्या कप्पदुकियातल्या कैसरियाचे. ३६९च्या सुमारास तिथं दुष्काळ पडला आणि धान्याच्या कोठारांना कुलपं लागली. बेसिल तेव्हा बिशपही झालेले नव्हते. साठेबाजांना त्यांनी व्यासपीठावरून सुनावलं: तुमच्या घरात पडून असलेली भाकर भुकेल्याची आहे. नुसतं सुनावून ते थांबले नाहीत. अन्नछत्र घातलं आणि लोकांना स्वतः वाढलं. पुढं बिशप झाल्यावर शहराबाहेर त्यांनी आजारी, निराधार आणि वाटसरूंसाठी एक वसाहतच उभारली. प्रांताच्या राज्यपालाला त्याबद्दल लिहिलेलं त्यांचं पत्र उपलब्ध आहे. त्यात वैद्यांचा उल्लेख आहे, परिचारकांचा आहे, ओझ्याच्या जनावरांचा आणि वाटसरूंना सोबत करणाऱ्या माणसांचाही आहे. प्रेमाचा हिशेब इतक्या तपशिलात मांडलेला पाहून गंमत वाटते. पण मित्र ग्रेगरी यानं त्यांच्या स्मरणार्थ केलेल्या भाषणात आणखी एक गोष्ट सांगितली आहे: ज्या कुष्ठरोग्यांना लोक हाकलून देत, त्यांना बेसिल जवळ घेत. व्यवस्था होती आणि स्पर्शही होता.

पंडिता रमाबाईंची गोष्ट मराठी वाचकाला परकी नाही, पण तिचा एक धागा सहसा निसटतो. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजच्या मठातल्या ख्रिस्ती भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातलं आपलं काम दाखवायला नेलं. समाजानं 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांना तिथं आसरा मिळे, काम मिळे. या बायकांसाठी कुणी एवढं का करावं, असं रमाबाईंनी विचारलं. उत्तरादाखल त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. त्यांना ख्रिस्ती धर्माकडं ओढून नेणाऱ्या गोष्टींत त्या घराचा मोठा वाटा होता, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे.

दुष्काळ त्यांनी अंगावर झेललेला होता. १८७०च्या दशकात आई, वडील आणि बहीण उपासमारीनं थोड्याच अवधीत गेले. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या तिकडं गेल्या आणि शेकडो मुली-विधवांना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला त्यांनी आधीच जमीन घेतली होती. तिथं मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० सालापर्यंत तिथं दीड हजारांवर माणसं राहत होती. शेती, विणकाम, छापखाना ही सगळी कामं मुली शिकल्या. अंधांसाठी वेगळं सदन होतं, वृद्धांसाठी प्रीती सदन होतं. फुलहॅममध्ये पाहिलेल्या बायकांसारख्यांसाठी होतं कृपा सदन.

याच गोष्टीत एक काटा आहे. त्याआधी मुंबईत १८८९ साली रमाबाईंनी विधवांसाठी शारदा सदन उघडताना तिथं धर्मशिक्षण दिलं जाणार नाही, अशी हमी होती. पुढं ते पुण्याला आलं. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करत आणि काही मुली येऊन बसत. १८९३ मध्ये वाद पेटला. 'केसरी'नं टीकेची झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. आपण सक्ती करत नाही, पण आपला धर्म लपवणारही नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. दुसऱ्या बाजूची शंकाही वाऱ्यावर सोडण्यासारखी नव्हती: निराधार मुलीला आश्रयदात्याचा धर्म नाकारण्याचं बळ खरोखर किती असतं?

ही शंका आजच्या ख्रिस्ती माणसानंही स्वतःला विचारावी. लूकच्या शुभवर्तमानात येशूनं सांगितलेल्या गोष्टीतला शोमरोनी वाटेत पडलेल्या जखमीचा धर्म विचारत नाही, आपलाही सांगत नाही. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, त्याला आपल्या जनावरावर बसवतो, उतारशाळेच्या मालकाला दोन नाणी देतो आणि जास्त लागलं तर परतताना देईन, असं सांगतो. बऱ्या झालेल्या माणसाकडून त्याला काय हवं होतं, याबद्दल कथेत अवाक्षर नाही.

वसाहती किंवा सदनं उभारणं सगळ्यांच्या आवाक्यातलं नाही. मिझोराममधल्या ख्रिस्ती घरांनी शतकभरापूर्वी एक सोपा मार्ग शोधला. स्वयंपाकासाठी तांदूळ घेताना दर वेळी एक मूठ वेगळी ठेवायची. मंडळीतल्या स्त्रिया तो तांदूळ गोळा करतात, तो विकला जातो आणि पैसे चर्चच्या कामाला लागतात. घर गरीब असो वा श्रीमंत, मूठ काढायची ती तांदूळ शिजायला टाकण्याआधी.

कॅथलिक धर्मग्रामांतल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेची रीत वेगळी आहे. फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं मित्रांसह १८३३ साली पॅरिसमध्ये ती सुरू केली. गरिबांसाठी तुमचं चर्च आज काय करतंय, असा टोमणा विरोधकांनी मारला होता, त्याला हे उत्तर होतं. आजही तिच्या सभासदांच्या कामाचा गाभा गृहभेट हाच आहे: गरजू कुटुंबाच्या घरी स्वतः जायचं, आणि पुन्हा जायचं. पहिल्या भेटीत दोन्हीकडं संकोच असतो. तिसऱ्या-चौथ्या भेटीत आजीला रेशन का मिळत नाही, मुलाची शाळा का सुटली, औषधाची चिठ्ठी कुणाला वाचता येत नाही, ते हळूहळू कळू लागतं. मग पिशवीतल्या डाळ-तांदळापेक्षा तहसील कचेरीच्या रांगेत आजीसोबत उभं राहणारं माणूस जास्त लागतं, आणि त्यासाठी कामाच्या दिवशी अर्धी सुट्टी टाकावी लागते.